पुण्यात मोजला गेलेला समुद्र

१/२८
आळंदीच्या घाटापासून अरबी समुद्र हवाई रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आतच आहे. पण मध्ये सह्याद्री उभा आहे आणि इंद्रायणी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहते. तरीही आळंदीतील पूल, घाट आणि पुराची रेषा या सर्वांची उंची मोजली जाते ती समुद्रापासूनच: ‘समुद्रसपाटीपासून इतके मीटर’. समुद्र तर दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. मग ही ‘सपाटी’ कोणती? ती कोणी ठरवली, कधी ठरवली, आणि आज ती जागची हलते आहे हे आपल्याला कशावरून कळले? या प्रश्नांचा इतिहास सांगणारा हा धागा. 🧵

२/२८
प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. मे २०२५ मध्ये आळंदीच्या शेजारच्या चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले न्यायालयीन आदेशानंतर पाडण्यात आले. त्या रेषेमागे शेवटी एक आकडा असतो: नदीचे पाणी समुद्रसपाटीपासून किती मीटर उंचीपर्यंत चढेल, याचा. त्या आकड्याचे शून्य मात्र नदीकाठी नाही, समुद्रकिनाऱ्यावर आहे.

३/२८
समुद्राची चढउतार ओळखण्याचे शास्त्र किनाऱ्यावर फार जुने आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ते उधाण, अष्टमीच्या आसपास असते ते भांग. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तिथी ठाऊक असली की होडी केव्हा लोटायची हे कोळ्याला घड्याळाविना कळे. हे ज्ञान वेळेचे होते आणि वेळेपुरते अचूकही होते. पाणी ‘किती’ चढले, आणि आजोबांच्या काळापेक्षा आज अधिक चढते का, हे सांगण्यासाठी मात्र नोंद लागते. अखंड, लेखी आणि एकाच खुणेपासून केलेली नोंद.

४/२८
येथे एक नेहमीचा घोटाळा दूर करू. पावसाळ्यात वृत्तपत्रांत ‘मुंबईत साडेचार मीटरची भरती’ असे छापून येते आणि अनेकांना साडेचार मीटर उंचीची लाट डोळ्यांसमोर दिसते. हा आकडा लाटेचा नसतो. तो नौकानयनाच्या नकाशावरील शून्यापासून मोजलेला असतो, आणि ते शून्य मुद्दाम नीचतम ओहोटीच्या जवळ ठेवलेले असते, म्हणजे जहाजाला निदान किती पाणी मिळेल ते कळावे. मुंबईत सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरीहून दोन मीटर वर असते. आळंदीची उंची मोजली जाते ती या सरासरी पातळीपासून.

५/२८
मग सरासरी किती काळाची घ्यायची? एका दिवसाची पुरत नाही, कारण उधाण-भांग आहेत. महिन्याची पुरत नाही, कारण मोसमी वारे पातळी हलवतात. वर्षाचीही पुरत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला जेथे छेदते त्या दोन बिंदूंना पंचांगात राहू आणि केतू म्हणतात. हे बिंदू १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात आणि त्याबरोबर भरतीचा पल्लाही किंचित कमी-जास्त होतो. म्हणून खरी सरासरी हवी असेल तर साधारण एकोणीस वर्षे समुद्राकडे पाहत बसावे लागते. एवढा धीर धरणारी संस्था भारतात कशी उभी राहिली?

६/२८
त्याचे मूळ एका भूकंपात आहे. १६ जून १८१९ रोजी कच्छ हादरले. सिंद्रीचा किल्ला आणि भोवतीचा मुलूख खचून पाण्याखाली गेला, तर उत्तरेस जमिनीचा लांबच लांब बंधारा वर उचलला गेला. लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ असे नाव दिले, माणसाने न बांधलेला बांध. जमीन वर-खाली होऊ शकते, याचा हा पुरावा युरोपातील भूशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचला. पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. कच्छची जमीन भूकंपाविनाही हळूहळू उचलली किंवा खचत असेल का? आणि असेल तर ते मोजायचे कसे?

७/२८
त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख जेम्स वॉकर यांच्या कारकिर्दीत हे काम हाती घेण्यात आले. रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी अँड्र्यू विल्सन बेअर्ड यांनी १८७३ ते १८७५ या काळात कच्छच्या आखातात ओखा, नवीनार आणि हंसथळ येथे भरतीमापक यंत्रे बसवली. उद्देश नीट लक्षात घ्या. आज उपग्रह सोडून आपण जे शोधतो, जमीन आणि समुद्र यांच्या परस्पर पातळीत काळानुसार होणारा बदल, तोच प्रश्न भारतातील शास्त्रशुद्ध भरतीमापनाच्या आरंभीच विचारला गेला होता.

८/२८
यंत्र साधे, पण युक्तीचे होते. किनाऱ्यावर विहिरीसारखी उभी नळी उतरवायची आणि तिला खाली लहानसे छिद्र ठेवायचे. छिद्र लहान असल्यामुळे लाटांची खळबळ आत शिरत नाही, भरती-ओहोटी मात्र सावकाश शिरते. आत एक तरंगक. त्याला जोडलेली तार कप्पीवरून जाऊन पेन्सिल हलवते. घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असतो. समुद्र स्वतःच आपली वक्ररेषा काढत जातो. माणसाचे काम म्हणजे घड्याळ बरोबर ठेवणे, गाळ काढणे, कागद बदलणे आणि यंत्राचे शून्य किनाऱ्यावरील पक्क्या तलचिन्हाशी पुनःपुन्हा पडताळणे.

९/२८
शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. यंत्र बदलते, धक्का दुरुस्त होतो, तार तुटते; पण दगडावर कोरलेले तलचिन्ह जागेवर असेल तर शंभर वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन मापे एकमेकांशी बोलू शकतात. १८७७ पासून भारत सरकारने बंदरोबंदरी ही निरीक्षणे पद्धतशीरपणे सुरू केली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील मासिक सरासरीची मालिका १८७८ पासून उपलब्ध आहे. आशियातील सर्वांत जुन्या आणि प्रदीर्घ नोंदींत तिची गणना होते. जगभरच्या अशा नोंदी जतन करणारे केंद्र १९३३ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे स्थापन झाले. तेथील संग्रहातही मुंबईचे मोल मोठे आहे.

१०/२८
आता शीर्षकाकडे येऊ. या सर्व बंदरांवरून निघालेले वक्ररेषांचे कागद जात कोठे? पुण्याला. भरती-ओहोटी आणि तलेक्षण यांचे काम पाहणाऱ्या पथकाचे मुख्यालय पुण्यात होते. समुद्र जेथून दिसतही नाही अशा गावी, आळंदीपासून काही कोसांवर, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील समुद्राचा हिशेब मांडला जात होता. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द त्या काळी यंत्राचा नव्हता. आकडेमोड करणाऱ्या कारकुनाचा तो हुद्दा होता, आणि पुण्यातील या कचेरीत ते काम भारतीय गणक करीत.

११/२८
त्यांच्या कामाचे प्रमाण पाहा. वक्ररेषेवरून दर तासाची उंची वाचायची, म्हणजे एका बंदराच्या एका वर्षासाठी ८,७६० आकडे. बंदरे अनेक, वर्षे अनेक. मग ते आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत पुनःपुन्हा मांडून बेरजा करायच्या. पुणे आणि मुंबईची वेधशाळा यांचा संबंध त्याआधीपासूनचा आहे. गणिताचे प्राध्यापक आणि टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून मग पुण्यात अध्यापनाकडे वळले होते. छत्र्यांचे नाव इतिहासात राहिले. भरतीच्या तक्त्यांवर डोळे शिणवणाऱ्या गणकांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

१२/२८
एवढ्या बेरजा कशासाठी? भरती ही एक लय नसून अनेक लयींची बेरीज आहे. चंद्रामुळे १२ तास २५ मिनिटांची एक लय, सूर्यामुळे बरोबर १२ तासांची दुसरी, शिवाय दिवसाच्या, पंधरवड्याच्या, वर्षाच्या लयी. दोन मुख्य लयी एकत्र पडल्या की उधाण, विरुद्ध पडल्या की भांग. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी या लयी सुट्या करण्याची गणिती पद्धत मांडली. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी तिला पुढे नीट रूप दिले. या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी भारतीय बंदरांच्या आकड्यांवर लागली.

१३/२८
लयी सुट्या झाल्या की त्या पुन्हा जोडून उद्याची भरती सांगता येते. १८७९ मध्ये लंडनमध्ये खास भारतीय बंदरांसाठी भरती-भाकीत यंत्र तयार झाले. एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्याचे हे यंत्र म्हणजे कप्प्यांची आणि दातेरी चाकांची मालिका. प्रत्येक कप्पी एका लयीची, सर्वांवरून जाणारी एकच तार, आणि तिच्या टोकाला पेन. मूठ फिरवली की वर्षाची भरती कागदावर उतरे. मुंबई बंदरात जहाज केव्हा घ्यावे हे सांगणाऱ्या कोष्टकांचा प्रवास असा अपोलो बंदर, पुणे आणि लंडन यांतून होत असे.

१४/२८
यंत्रे चालू झाली आणि लगेच त्यांनी अनपेक्षित पाहुणे टिपले. ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ भूकंप झाला आणि त्यातून उठलेली त्सुनामी बंगालच्या उपसागराभोवतालच्या भरतीमापकांच्या कागदांवर उमटली. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या लाटा भारतीय किनाऱ्यावरील यंत्रांनी नोंदवल्या आणि बेअर्ड यांनी त्यांचा अहवाल रॉयल सोसायटीपुढे ठेवला. २००३ मध्ये संशोधकांनी १८८१ च्या त्याच वक्ररेषांवरून तो भूकंप कोठे आणि किती मोठा झाला याचे गणित मांडले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, त्याच समुद्रतळाने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे.

१५/२८
नोंद जशी घडलेले सांगते, तशी न घडलेलेही सांगते. जून १८८२ मध्ये मुंबईवर चक्रीवादळ येऊन लाखभर माणसे मेली, अशी कथा अनेक याद्यांत वर्षानुवर्षे छापली गेली. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा समकालीन साधनांत अशा संहाराचा मागमूसही आढळला नाही. कुलाब्याची वेधशाळा आणि अपोलो बंदराचे भरतीमापक ज्या शहरात काम करीत होते, वृत्तपत्रे रोज निघत होती, तेथे लाख माणसे बुडावीत आणि कोणाच्या कागदावर रेघही उमटू नये, हे संभवत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा धडा लक्षात ठेवावा.

१६/२८
आता किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर येऊ. बंदरात शून्य ठरले. ते आळंदीपर्यंत आणायचे कसे? उत्तर आहे तलेक्षण. दोन मोजपट्ट्या उभ्या करायच्या, मधोमध पाणसळीची दुर्बीण ठेवायची, दोन्हींवरचे अंक वाचून फरक घ्यायचा आणि पुढे सरकायचे. एका वेळी काही मीटर, असे शेकडो मैल. भारतात हे अचूक तलेक्षण १८५८ मध्ये सुरू झाले आणि अर्धशतक चालले. वाटेत देवळांच्या पायऱ्यांवर, पुलांवर, कचेऱ्यांच्या जोत्यांवर तलचिन्हे कोरली गेली. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर दिसणारी समुद्रसपाटीपासूनची उंची (पुण्यात ती सुमारे ५६० मीटर) याच परंपरेतली.

१७/२८
१९०९ मध्ये या सर्व रेषांचे एकत्रित गणित पूर्ण झाले. त्यासाठी एक मोठा निर्णय घेण्यात आला. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणची सरासरी समुद्रपातळी शून्य मानली गेली. म्हणजे नऊही ठिकाणी समुद्र एकाच उंचीवर आहे, असे गृहीत धरले. पाणी आपली पातळी आपण शोधते, ही समजूत एवढी सहज होती की हे गृहीतक कोणालाही वावगे वाटू नये. अडचण एवढीच होती की मोजमाप त्याला मान देत नव्हते.

१८/२८
पश्चिम किनाऱ्यावरून निघून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्यावर उतरणाऱ्या तलेक्षणात समुद्र पलीकडे जास्त उंच भरत होता. एवढ्या लांबच्या मोजणीत चुका साचतातच, म्हणून दोष सहजच दुर्बिणीवर, उन्हावर, मोजपट्ट्यांवर टाकता येण्याजोगा होता. नऊ शून्ये ठामपणे धरून तो फरक गणितात मुरवून टाकण्यात आला. देशभरच्या उंचीचे आकडे त्यावर उभे राहिले आणि रेल्वेमार्ग, कालवे, धरणे या साऱ्यांनी ते वापरले. व्यवहार थांबला नाही. प्रश्न मात्र तसाच राहिला: मोजणारे चुकले होते, की समुद्र खरोखरच असमान होता?

१९/२८
उत्तर गोव्यातून आले. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००१ मध्ये १८५८ ते १९०९ च्या त्या जुन्या तलेक्षणाकडे पुन्हा पाहिले. विशाखापट्टणमची सरासरी समुद्रपातळी मुंबईपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच, असे ते आकडे सांगत होते. समुद्राच्या खारेपणाची आधुनिक मापे लावून पाहता हा फरक खरा ठरला. कारण मीठ. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून तेवढ्याच वजनाचा हलका पाण्याचा स्तंभ अधिक उंच उभा राहतो. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी अफाट येते आणि तेथील समुद्र त्यामुळे वर फुगलेला असतो.

२०/२८
पायी चालत, उन्हात दुर्बीण लावून अंक टिपणाऱ्या त्या पथकांना असा न्याय मिळाला. त्यांनी समुद्राचा खारेपणा जमिनीवरून मोजला होता आणि ते त्यांना ठाऊक नव्हते. शतकापूर्वी जो फरक ‘चूक’ म्हणून मुरवता आला, तो निसर्गाचा नियम निघाला. जुनी दप्तरे जपण्याचे कारण हेच असते. आकडा लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ कळलेला असावा लागत नाही, पण आकडा मात्र प्रामाणिक असावा लागतो.

२१/२८
आणि येथे आळंदी पुन्हा कथेत येते. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पंढरपूरवरून जाऊन रायचूरजवळ कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. माउलींची पालखी ज्या गावी जाते त्याच गावावरून आळंदीचे पाणीही जाते, फक्त ते तेथे थांबत नाही. उपसागर गोडा करण्यात मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा; कृष्णेचे पाणी तर आता धरणांमुळे समुद्रापर्यंत फार थोडे पोहोचते. पण ज्या गोड्या पाण्याने पूर्वेचा समुद्र उंच धरला आहे, त्यात हाही एक ओघ पिढ्यान्‌पिढ्या मिसळत आला आहे.

२२/२८
याच दोघांनी १९९९ मध्ये त्याहून विलक्षण गोष्ट मांडली होती. मुंबईच्या समुद्रपातळीत दशकांच्या काळात होणारे चढउतार भारतातील पावसाच्या चढउतारांशी जुळतात. पाऊस जास्त, तर नद्यांना पाणी जास्त; नद्यांचे गोडे पाणी उपसागरात; तेथून किनाऱ्यालगतचे प्रवाह ते दक्षिणेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आणतात, आणि मुंबईत पातळी किंचित उचलते. अपोलो बंदराची मालिका शंभराहून अधिक वर्षांची होती म्हणूनच हे दिसले. वीस वर्षांच्या नोंदीत हाच चढउतार कोणीही ‘समुद्र वाढला’ किंवा ‘समुद्र उतरला’ असा वाचला असता.

२३/२८
मग समुद्र खरोखर वाढतो आहे का? हो. मुंबईच्या दीर्घ नोंदीत वाढीचा वेग वर्षाला पाऊण ते एक मिलिमीटरच्या दरम्यान निघतो, म्हणजे शतकात साधारण चार बोटे. पण भरतीमापक सांगते ते समुद्र आणि जमीन यांचे परस्पर नाते. समुद्र चढला तरी आकडा वाढतो, जमीन खचली तरी वाढतो. हुगळीच्या मुखाकडील डायमंड हार्बरला हा वेग वर्षाला पाच मिलिमीटरच्या घरात आहे, आणि त्यात गाळाची जमीन खचण्याचा मोठा वाटा आहे. कच्छमध्ये बेअर्ड यांना पडलेला पेच तो हाच. किनाऱ्यावर उभे राहून तो पुरता सुटत नाही.

२४/२८
तो सोडवायला किनारा सोडून वर जावे लागले. १० ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिका आणि फ्रान्स यांचा ‘टोपेक्स/पोसायडन’ उपग्रह निघाला. १,३३६ किलोमीटरवरून तो रडारचा स्पंद खाली सोडतो, समुद्रावर आपटून तो सेकंदाच्या सुमारे नऊ हजारांश भागात परत येतो, आणि त्या वेळेवरून अंतर कळते. उपग्रहाचे स्वतःचे स्थान पृथ्वीच्या केंद्रापासून ठाऊक असते, म्हणून येथे खचणाऱ्या जमिनीचा संबंधच राहत नाही. दर दहा दिवसांनी तोच मार्ग, तीच मोजणी. पुढे ‘जेसन’ मालिकेने आणि २०२० पासून ‘सेंटिनेल-६’ ने हे व्रत अखंड चालवले आहे.

२५/२८
पण उपग्रह किनाऱ्याजवळ अडखळतो. रडारचा पट्टा काही किलोमीटर रुंद पडतो आणि त्यात जमीन आली की परत येणारा प्रतिध्वनी बिघडतो. म्हणजे माणसे जेथे राहतात तेथेच त्याची नजर मंद. येथे भारताने महत्त्वाचे पाऊल टाकले. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेल्या ‘सरल’ या भारत-फ्रान्स उपग्रहावर ‘अल्टिका’ हे उपकरण होते. नेहमीच्या सव्वादोन सेंटिमीटरऐवजी त्याने सुमारे आठ मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या. पट्टा आखूड झाला आणि किनाऱ्याच्या अधिक जवळचे पाणी वाचता येऊ लागले.

२६/२८
नव्याने जुन्याला निवृत्त केले का? नाही. २०१५ मध्ये संशोधकांनी जगभरच्या भरतीमापकांशी तुलना करून दाखवले की टोपेक्सच्या आरंभीच्या वर्षांतील मापे किंचित सरकलेली होती. ती दुरुस्ती केल्यावर वाढीचा वेग कमी होत नसून वाढत आहे, हे स्पष्ट झाले. अवकाशातील घड्याळाची चूक किनाऱ्यावरच्या यंत्रांनी पकडली. आज त्या नळीत तरंगकाऐवजी अनेक ठिकाणी रडार बसले आहे आणि आकडे उपग्रहामार्फत काही मिनिटांत हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्रात पोहोचतात. तत्त्व तेच आहे: पक्के तलचिन्ह आणि न तुटणारी नोंद.

२७/२८
आता दोन्ही साक्षी एकत्र ठेवू. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यांकनानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर वाढली. १९९३ ते २०१७ मध्ये हा वेग ३.३ मिलिमीटर झाला. मुख्य कारण समुद्र तापून प्रसरण पावणे. समुद्राचा हिशेब पुन्हा एकदा पुण्यातच मांडला गेला! मिलिमीटर क्षुल्लक वाटतात, पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती. गटारांची तोंडे समुद्राने बंद केली होती. पातळीत भर पडणारे प्रत्येक बोट ही तोंडे थोडी अधिक वेळ बंद ठेवणार आहे. रायगडच्या खारभूमीत तर एका उधाणाला बांध फुटला की भाताच्या शेतात मीठ शिरते आणि अनेक हंगाम हातचे जातात.

२८/२८
म्हणून ‘समुद्रसपाटी’ हा शब्द दिसला की तो निसर्गाने दिलेला नसून माणसांनी कष्टाने ठरवलेला आहे, हे ध्यानात असू द्या. त्यामागे कच्छचा भूकंप आहे, अपोलो बंदरातील नळी आहे, दख्खन पायी मोजणारी पथके आहेत, पुण्याच्या कचेरीतील अनाम गणक आहेत आणि आकाशातील रडार आहे. यांपैकी कोणीही एकटा समुद्र मोजू शकला नसता. आपल्या गावात जुन्या पुलावर किंवा देवळाच्या जोत्यावर बाण कोरलेले तलचिन्ह दिसले, तर रंग देताना, फरशी बसवताना ते झाकले जाणार नाही एवढे पाहा. छायाचित्र काढा, जागा नोंदवा आणि या धाग्याखाली जरूर कळवा. पुढच्या शतकातील कोणीतरी त्याच दगडावरून आपल्या काळाची पातळी वाचणार आहे. 🌊

#इतिहास #समुद्रसपाटी #आळंदी #पुणे